सुरकुत्या पाडून मिळतील

कडककाकांना पहिल्यांदा पाहणाऱ्याला प्रश्न पडतो, की या माणसाला कडक ठरवलं कोणी. आवाज मऊ, चाल मऊ, दारातल्या कुत्र्याला हाकलायचं तरी आधी त्याला "अरे बाबा" म्हणतील. नाव पडलं ते इस्त्रीवरून. त्यांच्या हातची पँट घातलेला माणूस शक्यतो खाली बसत नाही, जिवावर येतं त्याच्या. गल्लीतले शाळामास्तर गेली वीस वर्षं काकांच्या इस्त्रीचे शर्ट घालून शिकवतात आणि वीस वर्षांत त्यांनी फळ्याच्या वरच्या भागात काही लिहिलेलं नाही. हात वर केला की काखेत चुणी पडते.

दुकान म्हणजे तीन मजली इमारतीच्या जिन्याखालची जागा. एक टेबल आणि दोन माणसं मावतात, तिसऱ्याने बाहेर उभं राहून बोलायचं. टेबलावर चौपदरी कांबळं, त्यावर जुनी चादर. इस्त्रीची वायर छताच्या आकड्याला टांगलेली, म्हणजे ती कापडावर लोळत नाही. मागे एक पडदा आणि पडद्यामागे दीड खोलीचा संसार. चाळीस वर्षं काका त्या टेबलाशी उभे आहेत. माणूस भेटला की त्यांना चेहऱ्याआधी कॉलर दिसते. काकूंना अर्धांगाचा झटका आला तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या कोटाला पुढून इस्त्री होती आणि पाठीला नव्हती. "पाठीला इस्त्री नाही म्हणजे माणूस घाईचा," हे काकांच्या मनाने घेतलं ते घेतलंच. डॉक्टर चांगले निघाले, पण काकू घरी येईपर्यंत काकांच्या जिवात जीव नव्हता.

त्या झटक्याला आता चार वर्षं झाली. काकूंचा पाय सावरला, बोलणं सावरलं, जीभ तर पहिल्यापेक्षा तिखट झाली. डावा हात मात्र मिटला तो मिटलाच. बोटं तळव्यात वळून बसली आणि मूठ काही केल्या पुरती उघडेना.

त्याआधी दुकान दोघांचं होतं. चादरी, पडदे, टेबलावरची कापडं असला मोठा माल एकट्याने होत नाही. एकाने टोक दाबून ताण द्यायचा, दुसऱ्याने इस्त्री फिरवायची. छत्तीस वर्षं काकूंनी डाव्या हाताने टोक दाबलं आणि उजव्याने पाणी शिंपडलं. काम करताना दोघांत बोलावं लागायचं नाही. टोक किंचित सैल आलं की काकांना कळायचं, हा भाग झाला, पुढचा घ्या. आता त्या टोकावर काका जुनी कोळशाची इस्त्री ठेवतात. विजेची आली तेव्हा ती घरी बसली होती, पण वजनाला चांगली होती. ताण वगैरे देणं तिला जमत नाही, नुसती बसून राहते.

काकूंनी हात शालीत घेतला आणि स्वतः पडद्याआड गेल्या. तिथून दुकान चालवतात त्याच. गिऱ्हाइकाची चाहूल लागली की पडद्यामागून आवाज येतो, "तिसऱ्या मजल्यावाल्यांचं गाठोडं खालच्या फळीवर आहे. निळ्या शर्टाचं बटण तुटलंय हे त्यांना आधीच सांगा, नाहीतर आपल्या नावावर येईल." गल्लीतल्या नव्या लोकांना काकू म्हणजे एक आवाज एवढंच माहीत. काकांनी एकदाच विचारून पाहिलं होतं, "जरा बाहेर येऊन बसतेस का? काम नको करूस, नुसती बस."

"लोक कपडे न्यायला येतात. माझा हात बघायला नको यायला."

पुन्हा विचारायची काकांची छाती झाली नाही. पण रोज सकाळी चादरीच्या टोकावर ती थंडगार इस्त्री ठेवताना त्यांना वाईट वाटायचं, आणि चार वर्षांत ते वाटणं तसूभरही कमी झालं नव्हतं. ती बाहेर यावी, स्टुलावर बसावी, चार शब्द ऐकवावेत, एवढंच त्यांना हवं होतं. देवाने समोर उभं राहून माग म्हटलं असतं तर काकांनी हेच मागितलं असतं, आणि मागताना देवाची कॉलर तपासली असती.

तर अशा या दुकानात एके दिवशी वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेली पोरगी एक मोठी पांढरी चादर घेऊन उभी राहिली. तिशीच्या आतबाहेरची, केस वर गोळा करून पेन्सिल खुपसलेली, कॉलरचा पत्ताच नाही. ती फोटो काढते हे गल्लीला कळलं होतं आणि गल्लीने तिचं नाव फोटोवाली ठेवून टाकलं होतं.

"काका, याला सुरकुत्या पाडून हव्या होत्या."

काकांना वाटलं, बोलण्यात चूक झाली. "काढून."

"नाही, पाडून. चांगल्या खोल. एकसारख्या नकोत."

काकांनी इस्त्री उभी केली. चाळीस वर्षांत त्यांच्याकडे रक्त लागलेलं कापड आलं होतं, डांबर लागलेलं आलं होतं, एकदा खिशात जिवंत बेडूक असलेली पँट आली होती. त्यांनी कधी नाक मुरडलं नाही. पण हे म्हणजे न्हाव्याकडे जाऊन केस चिकटवून मागण्यासारखं झालं. "पोरी," ते शक्य तितक्या कडक आवाजात म्हणाले, म्हणजे मऊच, "ते काम तू घरी करू शकशील. अंगावर घेऊन झोप."

पडद्यामागून खुदकन आवाज आला. काकूंच्या हसण्याचा आवाज काकांनी बऱ्याच महिन्यांत ऐकला नव्हता, त्यामुळे त्यांचा राग जागीच मेला.

"झोपून बघितलं काका," फोटोवाली म्हणाली. "झोपेच्या सुरकुत्या बारीक येतात. मला अशा हव्यात." तिने पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढून टेबलावर उघडलं.

पानापानावर माणसं होती. खिडकीशी पत्र वाचणारी बाई, पाण्याचा जग आणि फळं ठेवलेलं टेबल, काळ्या डगल्यातला म्हातारा. उजेड एकाच बाजूने येणारा आणि बाकी खोली काळोखात. काकांनी आधी सगळ्यांच्या कॉलरी पाहिल्या.

"फोटो चांगले आहेत. कपड्यांचं मात्र वाटोळं केलंय."

"फोटो नाहीत हो. रंगवलेली चित्रं आहेत, तीनचारशे वर्षांपूर्वीची. मी फोटो काढते ते असे दिसतील असे. यातलं कुठलंही उतरवत नाही मी. उजेड तसा घेते, रंग तसे, बसणं तसं. माणसं मात्र आपल्या गल्लीतलीच. बारा फोटोंचं प्रदर्शन करायचंय. आणि या लोकांनी कापडाची एकेक घडी रंगवायला महिना महिना घातलाय काका. माझ्या कापडाला तसा जीवच येत नाही."

"महिनाभर चित्र काढत बसले, पण यांच्याकडे एक इस्त्रीवाला नव्हता?" असं म्हणत काकांनी पान उलटलं आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला, शर्टाला चुणी पडेल म्हणून सोडून दिला आणि तसाच पुन्हा घातला.

चित्रात जेवणाचं लांब टेबल होतं, माणसं बसली होती, आणि टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर उभ्या-आडव्या पुसट रेघांचे चौकोन उमटलेले होते.

"अगं, हे बघितलंस का," काका पडद्याकडे तोंड करून म्हणाले. मग फोटोवालीला बोटाने दाखवू लागले. "ही उभी रेघ, ही आडवी. कापड आधी लांबीत चौपदरी दुमडलंय, मग रुंदीत तीन वेळा. कपाटातून आत्ता काढून अंथरलंय, अजून घडी बसली नाही खाली. आणि कोपऱ्याला कोपरा बघ कसा आलाय. हे काम करणारा आपल्यातला माणूस होता."

फोटोवालीने ते पान शंभर वेळा पाहिलं असेल. त्या रेघा तिला आज दिसल्या. चारशे वर्षांपूर्वी कोणीतरी टेबलाशी उभं राहून नीट घडी घातली आणि चित्रकाराने ती मान देऊन रंगवली, या गोष्टीने काका इतके हलले की त्यांनी चादर ठेवून घेतली. तिचं काय करायचं हे अर्थात त्यांना ठाऊक नव्हतं.

ठाऊक होतं काकूंना. "कांजीच्या घट्ट खळीत बुडवा," पडदा म्हणाला. "ओली असताना पिळून दोरासारखी करा, सुतळीने जागोजागी बांधा आणि सावलीत तशीच वाळू द्या. मागे एकदा ओल्या चादरी पिळून टोपलीत विसरले होते मी, आठवतंय? चार दिवस माझ्याशी भांडत होतात."

काकांनी तसं केलं. तीन दिवसांनी सुतळी सोडली तेव्हा चादरीला अशा घड्या पडल्या होत्या की काकांना ती बघवेना आणि फोटोवाली आनंदाने जिन्यात उड्या मारू लागली. हळूहळू काका तयार झाले. जाड कापडाची घडी गोल वळते, पातळ कापडाची मोडते, रेशमाची घसरते. खळ कमी तर सुरकुती दुपारपर्यंत सपाट होते, खळ जास्त तर ती कागदासारखी दिसते. चाळीस वर्षं जिच्याशी हाडवैर केलं तिची त्यांना कुंडली पाठ होती, आता ती उपयोगी पडली. काकू म्हणाल्या, "बाहेर पाटीच लावा. सुरकुत्या पाडून मिळतील." फोटोवालीने खरंच पुठ्ठ्यावर लिहून पाटी आणून दिली. काकांनी ती आतल्या बाजूला, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशी लावली. इभ्रतीचा प्रश्न होता.

एकेक करून गल्ली वर जाऊन बसून आली. चांभाराचा फोटो निघाला, बेकरीवालीचा पाव आणि सुरीसकट निघाला, मास्तरांना तपकिरी डगला पांघरून हातात पुस्तक दिलं गेलं आणि वीस वर्षांत प्रथमच मास्तर पुरते चुरगळले. फोटोवाली प्रत्येक फोटो छापून आणायची आणि थेट पडद्याआड नेऊन काकूंना दाखवायची. काकू तिला तोंडावर सांगायच्या, "मास्तर राजासारखे दिसतात. तरी घडी खांद्यावर जास्त झाली. माणूस आहे, गादी नाही." पोरगी ऐकायची, लिहून घ्यायची. बाहेर काका इस्त्री फिरवत त्यांची कुजबूज ऐकायचे आणि त्यांना बरं वाटायचं.

अकरा झाले. बाराव्यासाठी फोटोवालीने काकूंना विचारलं.

पडद्याबाहेर सगळं ऐकू येत होतं. काकांनी इस्त्री उचलून धरली होती, कापड जळेल म्हणून, आणि खाली ठेवायचं त्यांना सुचत नव्हतं.

"हात दिसता कामा नये," शेवटी काकू म्हणाल्या. "बोटाचं टोकसुद्धा. कबूल असेल तर येते."

"कबूल," फोटोवाली म्हणाली. बाहेर काकांनी तीनदा मान हलवली. अठरा पायऱ्या का होईना, काकू चार वर्षांनी घराबाहेर पडणार होत्या. एकदा पडल्या की कदाचित पुन्हा पडतील. काकांनी मनातल्या मनात हिशेब तिथवर नेला आणि पुढे न्यायला ते भ्याले.

अडचण उजेडाची होती. फोटोवाली दिवा वापरत नसे. तिच्या खिडकीत सकाळी दहाच्या सुमारास समोरच्या बसक्या गोदामावरून वीस-पंचवीस मिनिटं उजेड यायचा, आणि त्या मऊ तिरक्या उजेडावरच तिचे सगळे फोटो उभे होते. आता त्या गोदामावर दोन मजले चढत होते. गवंडी म्हणाला, रविवारी आम्हाला सुट्टी, सोमवारी भिंत वर जाणार. म्हणजे रविवारची सकाळ शेवटची.

शुक्रवार आणि शनिवार काका आणि फोटोवाली टेबलावरचं कापड रचत होते. खळीचं, पिळलेलं, वाळवलेलं पांढरं कापड. काकू बसतील तिथे त्याचा एक सैल ढीग, ढिगात हाताच्या मापाची खोबण. हात आत गेला की वरून दोन घड्या अशा पडाव्यात, की तिथे हात आहे याची कुणाला शंकाही येऊ नये. मापासाठी काका स्वतः काकूंच्या जागी, काकूंची शाल पांघरून, मूठ वळून तासभर बसले. शनिवारी चारच्या सुमारास फोटोवालीने श्वास सोडला. "आता याला कोणी फुंकसुद्धा मारायची नाही," ती म्हणाली आणि काकांना खोलीची किल्ली देऊन बहिणीकडे राहायला गेली. तिच्या मते किल्ली द्यायला अख्ख्या गल्लीत त्यांच्याइतका सांभाळून वागणारा माणूस नव्हता.

रविवारी काका पाचलाच उठले. काकूंच्या गळ्यात घालायची, पुस्तकातल्या बायकांसारखी, एक रुंद पांढरी कॉलर होती, तिला इस्त्री करायची होती. खाली करून वर नेली तर जिन्यात मोडेल, म्हणून त्यांनी इस्त्रीच वर नेली. कॉलर झाली. इतकी सुरेख झाली की काका तिच्याकडे पाहत राहिले, आणि मग त्यांची नजर टेबलावर गेली.

आता यात त्यांची बाजू समजून घेतली पाहिजे. मास्तर चुरगळले, चांभार चुरगळला, त्यात काकांच्या बापाचं काही गेलं नव्हतं. पण इथे त्यांची स्वतःची बायको बसणार होती. चार वर्षांनी चारचौघांसमोर येणार, तीही इस्त्रीवाल्याची बायको, आणि तिच्या पुढ्यात हे असं कापड. लोक काय म्हणतील, नवऱ्याला हिच्यासाठी एक इस्त्री फिरवणं झालं नाही. इस्त्री गरम होती. त्यांनी फक्त एक कोपरा करायचं ठरवलं, भिंतीकडचा, जो फोटोत येणार नव्हता. तो कोपरा सपाट झाल्यावर शेजारचा भाग फारच गबाळा दिसू लागला. मग पाणी शिंपडलं. काकांचं डोकं तिथे होतं असं म्हणता येणार नाही, हातच चालले होते, आणि हात चाळीस वर्षांचे शहाणे. शेवटी त्यांनी कापड लांबीत चौपदरी दुमडलं, रुंदीत तीन वेळा, घडीवरून एकदा इस्त्री दाबली, घडी हातावर घेतली आणि कोणाला द्यायची म्हणून मान वर केली.

खोलीत कोणी नव्हतं. टेबल उघडं होतं.

ते पुन्हा पिळायचं, पुन्हा वाळवायचं, याला तीन दिवस लागले असते. त्यांनी कापड टेबलावर टाकून मुठींनी चुरगळून पाहिलं. पण ती कडककाकांची इस्त्री होती, कापडात उरलेली सगळी खळ तिने पक्की करून टाकलेली. दाबलं की दबायचं आणि हात काढला की निवांत सरळ व्हायचं. आयुष्यात पहिल्यांदाच काकांनी आपल्या इस्त्रीला शिवी दिली. मग दुसरं काहीच सुचेना म्हणून त्यांनी कापडाची पुन्हा घडी घातली.

साडेनऊला जिन्यात पावलं वाजली. एक दमदार, एक थांबत थांबत येणारं. काकू प्रत्येक पायरीवर काहीतरी पुटपुटत होत्या आणि फोटोवाली हसत होती. दोघी दारात आल्या तेव्हा काका हातावर पांढरी घडी घेऊन उभे होते.

फोटोवालीने टेबल पाहिलं, घडी पाहिली आणि ती दारातच जमिनीवर बसली. ती ओरडली असती तर काकांना बरं वाटलं असतं. तिने नुसते डोळे मिटून घेतले.

"हे कोणाचं?" काकूंनी घडीकडे पाहत विचारलं.

"आपलंच," काका म्हणाले. "तू बसणार म्हणून मी... एवढं चुरगळलेलं तुझ्यापुढे... हात चालले गं."

काकूंनी उघड्या टेबलाकडे पाहिलं. काकांना पुढचं सगळं दिसलं. ही आता वळणार, अठरा पायऱ्या उतरणार, पडद्याआड जाणार, आणि पुन्हा कधी तिला बाहेर ये म्हणायला त्यांच्याकडे तोंड उरणार नाही. लपवायला जागा देतो म्हणून आणली होती, आणि ती जागाच त्यांनी इस्त्रीखाली सपाट करून टाकली होती. त्यांना रडू यायला लागलं.

खिडकीतून उजेडाची पहिली तिरीप टेबलाच्या कडेवर आली.

"अंथरा," काकू म्हणाल्या.

"अगं पण..."

"अंथरा म्हणते ना. घडी मोडून अंथरा, कपाटातून काढल्यासारखं."

काकांनी कापड अंथरलं. उजेड त्यावरून घरंगळत गेला आणि कापडावर उभ्या-आडव्या रेघांचे चौकोन उठून दिसले, अगदी पुस्तकातल्या त्या जेवणाच्या टेबलावर होते तसे. फोटोवाली जमिनीवरून उठली. काकू खुर्चीत बसल्या, कॉलर घातली, शाल नीट केली. मग त्यांनी शालीतून डावा हात काढला आणि टेबलावर ठेवला.

काकाच तो हात रोज धुवायचे, तेल लावायचे. तरी उघड्या उजेडात, दुसऱ्या माणसासमोर, तो त्यांनी चार वर्षांत पाहिला नव्हता. काकूंनी उजव्या हाताने कापडाची कड उचलली आणि एकेका बोटाखालून त्या मिटलेल्या मुठीत सारली. मूठ ती, तिने कड धरली ती घट्ट धरली. मग काकू किंचित मागे रेलल्या आणि कापडाला ताण आला.

मुठीपासून घड्या निघाल्या. खोल, उथळ, एक मोठी, दोन लहान, काकांचे सगळे चौकोन कापत त्या टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या. काकांची कडक इस्त्री त्यांच्यापुढे हरली. असली सुरकुती खळीने येत नाही आणि सुतळीने येत नाही. काकांना तो ताण ओळखीचा होता. छत्तीस वर्षं तोच ताण त्यांच्या इस्त्रीखाली होता.

"काकू," फोटोवाली हळूच म्हणाली, "हात दिसेल."

"दिसतोय मला. तू काढ लवकर, उजेड जाईल. मी बघू कुठे?"

"काकांकडे बघा. आणि दोन सेकंद हलू नका."

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका भिंतीशी उभे, फोटोत येऊ नये म्हणून उचललेली इस्त्री हातात, डोळे भरलेले, शर्टाला मात्र एक चुणी नाही. नको ते काम मन लावून करून बसलेल्या आपल्या माणसाकडे बायको जशी बघते तसं काकूंनी बघितलं, आणि फोटो निघाला. उजेड होता तोवर आणखी सात काढले. निवडला मात्र पहिलाच.

प्रदर्शनाला काकू गेल्या नाहीत. "मला रोज आरशात बघते मी," म्हणाल्या. काका गेले, कडक इस्त्रीत, वाटेत कुठेही न बसता. बारावा फोटो शेवटच्या भिंतीवर एकटा होता. लोक जवळ जाऊन ब्रशचे फटकारे शोधायचे, मग मागे सरून पाटी वाचायचे आणि फोटो आहे हे कळलं की पुन्हा जवळ जायचे. एक वयस्क गृहस्थ खूप वेळ उभे होते. त्यांच्या कोटाला पाठीमागूनही इस्त्री होती, त्यामुळे काकांनी धीर केला.

"हे चौकोन दिसतात ना, ते माझे," ते म्हणाले. "बाकीच्या घड्या बायकोच्या."

गृहस्थांनी एकदा काकांकडे आणि एकदा फोटोकडे पाहिलं. "काय धरलंय हो त्यांनी कापड," ते म्हणाले. "सुटायचं नाही."

घरी आल्यावर पडद्यामागून प्रश्न आला, "काय म्हणाले लोक?"

"चांगलं म्हणाले."

"हाताबद्दल?"

काकांनी गृहस्थांचे शब्द होते तसे सांगितले. मग त्यांनी चपला जागेवर ठेवल्या आणि शर्ट काढून खुंटीला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीवालीच्या मोठ्या चादरी आल्या होत्या. समोर भिंत आता दुसऱ्या मजल्याच्या वर गेली होती आणि गवंडी एकमेकांना हाका मारत होते. काकांनी पहिली चादर टेबलावर टाकली, टोक सरळ केलं आणि जुनी इस्त्री उचलायला खाली वाकले. वर आले तर पडदा बाजूला झाला होता आणि काकू स्टुलावर बसत होत्या. शाल आत राहिली होती. त्यांनी डावी मूठ चादरीच्या टोकावर ठेवली, उजव्या हाताने वाटीतलं पाणी शिंपडलं आणि काकांकडे पाहिलं.

काका ती जड इस्त्री हातात घेऊन तसेच उभे होते.

"ते लोखंड ठेवा खाली," काकू म्हणाल्या, "आणि चालू करा. गिऱ्हाईक उभं आहे."